आपल्यातलाच एक माईकवर शिव्या घालतो, तेव्हा बोलावं की म्यूट करावं?

मांडवीकाठ
रविवार, रात्री ११:४८

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच माफी.

आमचं एक गेमिंगचं टोळकं आहे. डिस्कॉर्डवर (खेळताना एकमेकांशी बोलायचं ॲप) साठेक जण, त्यातले नियमित वीस. म्हापसा, डिचोली, फोंडा, मडगाव, दोघे काणकोणचे, एक सध्या दुबईला. लॉकडाऊनमध्ये पबजीवर जमलो होतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झाल्यावर पांगलो, मग एकेक करून परत आलो. आता पाच विरुद्ध पाच नेमबाजीचा एक खेळ रात्री साडेदहानंतर चालतो. खेळाचं नाव देत नाही, कारण दोष खेळाचा नाही. वयाने मी त्यात मोठा, पस्तिशी उलटलेली. सगळे दादा म्हणतात आणि माझा नेम बघून हसतात.

गेल्या शनिवारी पाचवा माणूस मिळेना. आमच्यातल्या एकाची धाकटी बहीण, बारावीला आहे, ती आली. भाऊ त्या रात्री ड्युटीवर. मुलगी खरंच चांगली खेळते. चौदाव्या की पंधराव्या राउंडला आम्ही चौघेही मेलो, ती एकटी उरली, समोरही एकच. तिने त्याला टिपला. बॉम्ब डिफ्यूज करायला बसली आणि वेळ संपला. अगदी केसाने हुकलं.

तिथे आमच्यातला एक, त्याला क म्हणू, सुटला. "वच, घरा वचून नुस्तें निवळ" (जा, घरी जाऊन मासे साफ कर) पासून सुरुवात झाली, मग हिंदीत गेला, मग तिच्या आईपर्यंत पोचला. वीस सेकंदही लागले नसतील.

डिस्कॉर्डवर बोलणाऱ्याच्या चित्राभोवती हिरवं कडं उमटतं. तिचं कडं एकदा लुकलुकलं, म्हणजे ती काहीतरी बोलायला गेली. मग माईकवर लाल रेघ आली. पुढचे तीन राउंड ती तशीच खेळली. मॅच संपल्यावर "जीजी" (गुड गेम) टाईप केलं आणि गेली.

मी काय केलं? "नेक्स्ट राउंड, नेक्स्ट राउंड" म्हणालो. एवढंच.

क हा वाईट मुलगा नाही, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. तेवीस वर्षांचा आहे. सर्व्हर, म्हणजे डिस्कॉर्डवरचा आमचा अड्डा, त्यानेच उभा केला. दोन वर्षांपूर्वी रात्री दोनला वडिलांना इस्पितळात न्यायचं होतं, तेव्हा गाडी त्याने काढली होती. आणि आमच्यात सगळ्यात चांगला खेळतोही तोच, हेसुद्धा कारण असेल, खोटं कशाला बोलू.

आठवडा झाला. बोलू का त्याच्याशी? सगळ्यांसमोर की व्यनित (खाजगी निरोपात)? की जाऊ दे?


काजूबोंडू
सोमवार, सकाळी ७:१५

पहिला! खाजें घेऊन बसलोय, चालू द्या.

दादा, जाऊ दे. मी सायबर कॅफेच्या काळापासून खेळतोय. काउंटर स्ट्राइक १.६, म्हापसा बाजारात, तासाचे वीस रुपये. तिथे शिवी घातली की बाजूच्या खुर्चीवरून टपली बसायची, विषय तिथेच संपायचा. आता टपलीला हात पोचत नाही म्हणून म्यूटचं बटन दिलंय. दाबायचं आणि खेळायचं. जगातल्या प्रत्येक तोंडाळ पोराला सुधारायला निघालात तर खेळणार कधी?


शिगमोढोल
सोमवार, सकाळी ९:०२

बोंडू, अनोळखी माणसाच्या बाबतीत तुझं शंभर टक्के खरं. मी उलट करून पाहिलंय, ऐक.

गेल्या मे महिन्यात एक रँडम आमच्या टीममध्ये आला, दुसऱ्या राउंडपासून सुरू. मी म्हटलं ह्याला आज दाखवतोच. तो एक बोलला, मी दोन. तो तीन, मी कोंकणीतल्या ठेवणीतल्या काढल्या, आजोबांकडून आलेल्या. वीस मिनिटं. मॅच हरलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर माझंच चॅट बंद, सात दिवस. त्याने रिपोर्ट केला होता, बाकी तिघांनीही केला असणार. लॉगमध्ये सुरुवात कोणी केली ते कोण बघतो? दोघांची तोंडं सारखीच घाण दिसतात.

तेव्हापासून नियम केलाय. आधी म्यूट, मॅच संपली की रिपोर्ट, मधे एक अक्षर नाही. त्याला उत्तर हेच हवं असतं, ते द्यायचं नाही.

पण दादा, तुझा क अनोळखी नाही ना. तो चवथीला तुझ्या घरी करंज्या खाऊन गेला असेल.


मांडवीकाठ
सोमवार, सकाळी ९:४०

नेवऱ्या. पण हो, खाऊन गेला. दोनदा.


उगाच_एक
सोमवार, दुपारी १२:३०

मी विरुद्ध बाजूने बोलतो, शिव्या खायची तयारी ठेवून (हलके घ्या).

खेळ म्हटला की तोंड चालणारच. तियात्रात (कोंकणी नाटकात) मंत्र्याची धिंड निघते तेव्हा आपण टाळ्या पिटतो. फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये समोरच्या गोलकीपरला काय काय ऐकवतात ते इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील. ही चिडवाचिडवी काढून घेतली तर उरेल काय? सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. सकाळी फूल, रात्री चंद्र.

आणि दुसरं, हे अनुभवाचं. आमचा तीसेक जणांचा ग्रुप असाच फुटला. एकाने दुसऱ्याला सगळ्यांसमोर सुनावलं, दुसऱ्याने जुनं उकरलं, मग दोन गट, मग दोन सर्व्हर, मग दोन्हीकडे पाच माणसं जमेनात. आज कोणीच खेळत नाही. बोलून काय मिळालं?

मुलीला आईवरून बोलला ते चूक. पण एका रात्रीवरून माणसाचा पंचनामा नको.


माईकबंद
सोमवार, दुपारी ३:१०

चिडवणं आणि हे यात फरक कसा करायचा ते मी सांगते, सोपं आहे. चिडवताना समोरच्याला उत्तर द्यायला जागा असते. "डोळे काजूच्या भट्टीत ठेवून आलीस काय?" याला मी दहा उत्तरं देईन. "घरी जाऊन मासे साफ कर" याला उत्तर काय द्यायचं? साफ करते म्हणू की करत नाही म्हणू?

मी २०२१ पासून माईक लावत नाही. खेळातलं नावही बदललं. आता माझं नाव एका माशाचं आहे, बांगड्याला कोणी बाई की बाप्या विचारत नाही. तेव्हापासून रँक वाढली, हेही सांगते, कारण लोक मी काय खेळते ते बघायला लागले.

ज्या रात्री माईक कायमचा बंद केला, त्या रात्री शिव्या देणारा परका होता. त्याचा आवाजही आज आठवत नाही. लक्षात राहिले ते माझ्याच टीममधले तिघे, माझ्या कॉलेजातले. एक जण चिप्स खात होता. त्याच्या माईकमधून पाकिटाचा चुरचुर आवाज येत होता, आणि तो थांबला नाही. शिव्या चालू असताना तो पुढची चिप काढत होता.

त्यातल्या एकाने नुसतं "ए, पुरो" म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला वकील नको होता, भाषण नको होतं.

मांडवीकाठ, रागावू नका. तुमचं "नेक्स्ट राउंड" मला त्या पाकिटासारखं ऐकू आलं.


मांडवीकाठ
सोमवार, दुपारी ३:५५

रागावलो नाही. दोनदा वाचलं.


पिंग_१४०
सोमवार, रात्री १०:२०

थोडी माहिती टाकतो, कारण हा विषय माझ्या आवडीचा आहे. वाळपईच्या पुढे राहतो, पाऊस लागला की पिंग (नेटची दिरंगाई) किती होतो ते नावातच आहे, त्यामुळे खेळण्यापेक्षा वाचणंच जास्त होतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत अँटी-डिफेमेशन लीग या द्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये पाहणी केली, त्यात ऑनलाइन मल्टिप्लेयर खेळणाऱ्या प्रौढांपैकी ७४ टक्के लोकांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ सोसल्याचं सांगितलं. म्हणजे चारातले तीन.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते लीग ऑफ लेजेंड्स हा ऑनलाइन खेळ काढणाऱ्या रायट कंपनीने केलेलं काम. त्यांना वाटत होतं की मूठभर सडके आंबे आहेत, काढून टाकले की पेटी स्वच्छ. आकडे पाहिल्यावर उलट निघालं. कायम शिव्या देणारे फार थोडे, आणि एकूण घाणीतला त्यांचा वाटाही थोडाच. बहुतेक घाण साध्या, एरवी बऱ्या वागणाऱ्या माणसांची होती, वाईट दिवशी सांडलेली. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. समोरच्या टीमशी बोलायचं चॅट मुळात बंद ठेवलं, हवं त्याने चालू करावं. लोक बोलायचे थांबले नाहीत, पण वाईट बोलणं सुमारे एक तृतीयांशाने घटलं. एका बटनाचा आळस माणसाला सभ्य करतो, हे वाचून मी हसलो होतो.

त्याआधी २०११ मध्ये त्यांनी खेळाडूंनाच न्यायाधीश केलं होतं. ट्रिब्यूनल नाव. तक्रार आलेल्याचं चॅट वाचायचं आणि शिक्षा की माफी ते मत द्यायचं. २०१४ मध्ये ते बंद केलं. निकाल फार उशिरा लागायचा, माणूस काय बोलला ते विसरलेला असायचा.

यंत्रानेही करून पाहिलंय. फेसइट नावाचं काउंटर स्ट्राइकचं व्यासपीठ आहे, त्यांच्या मिनर्व्हा नावाच्या प्रणालीने २०१९ मध्ये पहिल्या दीड महिन्यात सुमारे २०,००० जणांना बॅन केलं. रायटच्याच व्हॅलोरंट या खेळात बोलणं रेकॉर्ड करून तपासायची तयारी जुलै २०२२ मध्ये सुरू झाली, उत्तर अमेरिकेत आणि इंग्रजीपासून.

इंग्रजीपासून, हे लक्षात घ्या. मी जो खेळ खेळतो त्यात इंग्रजी शिवी टाईप केली की चांदण्या येतात. कोंकणी शिवी अख्खी दिसते, अनुस्वारासकट. यंत्राला आपली भाषा कळेपर्यंत ती शिवी ओळखणारी माणसं कोण? आपणच. क जे बोलला ते समजून थांबवू शकणारे त्या वेळी जगात फक्त तिघे होते.

तर तुमचा क हा बहुधा "वाईट दिवस" गटातला. तुम्हीच लिहिलंय, वाईट मुलगा नाही. अशांना सांगितलं तर उपयोग होतो. जो रोजचाच आहे त्याच्यावर शब्द वाया घालवू नका, त्याला काढा.


काजूबोंडू
सोमवार, रात्री १०:४१

अनुस्वारासकट 😂 पिंग, तुझा प्रतिसाद लोड व्हायलाच १४० मिलीसेकंद लागले.


शिट्टीवाला
मंगळवार, सकाळी ६:३०

मी गेमिंगमधला नाही. मुलगा खेळतो आणि मी शेजारच्या खोलीतून ऐकतो, तेवढाच संबंध. पण बारा वर्षं गावोगावच्या फुटबॉल स्पर्धांत रेफ्री म्हणून उभा राहिलोय. भात कापून झालं की शेतात गोलपोस्ट उभे राहतात, ती आमची स्टेडियमं. लाईनबाहेर चार बाटल्या पोटात गेलेले पन्नास लोक. त्यामुळे टॉक्सिक म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको.

पिवळं-लाल कार्ड कुठून आलं माहीत आहे? १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन रेफ्रीने अर्जेंटिनाच्या कप्तानाला बाहेर काढलं. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, कप्तान मैदान सोडेना. त्या वेळी रेफ्रींचं काम बघणारे केन ॲस्टन गाडीने जाताना सिग्नलला थांबले आणि पिवळ्या-लाल दिव्यांवरून त्यांना कार्डं सुचली. १९७० ला मेक्सिकोत पहिल्यांदा खिशात गेली. गंमत बघा, त्या अख्ख्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघालं नाही. खिशात आहे एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या अनुभवातलं सांगतो. पहिल्या दहा मिनिटांत पहिली शिवी पडते. त्या वेळी शिट्टी वाजवली नाही तर सत्तराव्या मिनिटाला लाल कार्ड दाखवूनही उपयोग नसतो, तोपर्यंत बावीस जणांना कळलेलं असतं की आज चालतं. आणि शिट्टी वाजवून भांडायचं नाही. जवळ जायचं, पाठ प्रेक्षकांकडे करायची, हळू बोलायचं. "बाबा, हे मी ऐकलं. परत नको." सगळ्यांसमोर अपमान केला की पोरगा प्रेक्षकांसाठी खेळायला लागतो.

आमच्या गावच्या जत्रेत नाटक असतं, संगीत मराठी, पात्रं सगळी गावचीच. पूर्वी नायिकेच्या कामासाठी बाहेरून नटी आणायचे. एका वर्षी मागून कोणीतरी तिला काही बोलला. पुढच्या रांगेत माझे काका बसले होते. ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. नुसती खुर्ची वळवून मागे तोंड करून बसले. नाटक पुढे, काका मागे बघतायत. पदं संपेपर्यंत तसेच.

तुमच्याकडे आठ दिवस गेले. शिट्टीची वेळ गेली, हे खरं. तरी जाऊन बोला.


उगाच_एक
मंगळवार, सकाळी ९:१२

काकांना दंडवत. व्यनि की जाहीर, त्यावर माझं मत बदललं. जवळ जाऊन, हळू. सगळ्यांसमोर नको हे तर मी म्हणतच होतो.


घाटावरून
मंगळवार, रात्री ८:४५

तीन दिवस नुसता वाचतोय. आता लिहितो.

माझं गाव गडहिंग्लजकडे. नऊ वर्षं वेर्ण्याला नोकरी, भाड्याची खोली, गोव्यात मन रमलंय. तुमच्यासारख्याच एका सर्व्हरवर मी आहे, कदाचित तुमच्याच. पहिल्या दिवसापासून माझं नाव "घाटी". मारलं तर "घाट्याने मारलं रे", मेलो तर "घाट्याकडून अजून काय व्हायचं". पिंग वाढला तर "घाटात अडकला". शेवटचं विनोद म्हणून बरं आहे, मीही हसलो होतो.

पहिल्यांदा हसलो. मग हसणं हीच माझी जागा झाली. आता एखाद्या दिवशी नाही हसलो तर "काय रे, लागलं?" म्हणतात.

माईकबंद ताईंनी फरक सांगितला, उत्तराला जागा आहे का बघा. घाटी या शब्दाला मी काय उत्तर देऊ? घाटावरून आलोय हे खरंच आहे की. माझ्या आईचं गावही घाटावरच.

मुलीला बोलला म्हणून धागा निघाला, चांगलं झालं. माझ्यासाठी कोणी धागा काढा म्हणत नाही. पण इथे लिहिणाऱ्यांतले किती जण हा शब्द रोज माईकवर वापरतात, तेवढं मोजा.


शिगमोढोल
मंगळवार, रात्री ९:०५

मी. मोजला. काल रात्री दोनदा.


उगाच_एक
मंगळवार, रात्री ९:२०

यात गोव्याच्या माणसाची बाजूही आहे, इथे जमिनी कोणी घेतल्या, नोकऱ्या


संपादक
मंगळवार, रात्री ९:३१

वरचा प्रतिसाद आणि त्याखालचे चार उडवले आहेत, पहिली ओळ नमुन्यादाखल ठेवली आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरचा १९६७ चा जनमत कौल या धाग्यात पुन्हा घेतला जाणार नाही. खऱ्या व्यक्तींची नावं आणि स्क्रीनशॉट टाकू नयेत. विषयावर या.


अर्जदार
बुधवार, सकाळी ११:००

कायद्याचं थोडक्यात, कारण मुलगी बारावीला म्हणजे अठराच्या आत असू शकते.

एका रात्रीच्या शिवीसाठी पोलिसांत जा असं मी म्हणत नाही. पण तोच माणूस नंतर मेसेज करत राहिला, इन्स्टावर शोधत आला, फोटो मागू लागला, तर तो "खेळातला राग" राहत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. कलम ७८ पाठलागाचं, त्यात इंटरनेटवर नजर ठेवणंही येतं. कलम ७९ स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांचं, तीन वर्षांपर्यंत साधी कैद. बरेच जण अजून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ सांगतात, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलंय, विसरा.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी, इकडे नाही. मुलांसाठी १०९८. २०२१ च्या नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचा असतो.

ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, वेळ आणि आयडी दिसेल असा. सगळे आधी ब्लॉक करतात आणि मग माझ्याकडे रिकाम्या हाताने येतात.


मांडवीकाठ
शुक्रवार, रात्री ११:१५

बोललो. लिहितो.

आधी माईकबंद यांचं ऐकलं. मुलीच्या भावाला विचारून तिला मेसेज केला. क च्या वतीने काही नाही, माझ्यापुरतं. "त्या रात्री मी ऐकलं आणि गप्प बसलो, चुकलं." तिने तासाभराने उत्तर दिलं, "ओके दादा." पूर्णविरामासकट. त्यावर पुढे काय लिहायचं सुचलं नाही, लिहिलं नाही.

क गुरुवारी संध्याकाळी भेटला, ठरवून नाही. रायबंदरला चोडणच्या फेरीसाठी स्कूटरींची रांग होती, त्यात पुढे तो. पाऊस नुकता थांबलेला. बोटीत गाड्या लावून दोघे कठड्याशी उभे राहिलो. शिट्टीवाले, तुमची आठवण झाली, आपोआपच आमची पाठ लोकांकडे होती.

मी म्हटलं, त्या शनिवारी तू तिला जे बोललास ते बरोबर नव्हतं. तो म्हणाला, "कोणाला?"

मी म्हटलं कोणाला. तो म्हणाला, "मी? आईवरून? ना रे दादा." खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच आठवत नव्हतं. डिफ्यूज हुकला ते आठवत होतं, किती सेकंद उरले होते तेही. आमच्या टीममधल्या एकाकडे शेवटचं अर्धं मिनिट आपोआप साठवणारं सॉफ्टवेअर आहे. चांगला शॉट पडला की तो क्लिप ठेवतो. तिने मारलेला शॉट चांगला होता म्हणून ती ठेवली होती, आवाजासकट. माझ्या फोनवर होती. इयरफोनचं एक टोक त्याला दिलं.

फेरीला नदी ओलांडायला काही मिनिटंच लागतात. त्याने ती दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा ऐकताना त्याने इयरफोन कानातून थोडा लांब धरला होता.

मग म्हणाला, "आणि तुम्ही तिघे काय करत होता?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्लिपमध्ये माझा आवाजही आहे ना. "नेक्स्ट राउंड, नेक्स्ट राउंड."

बोट लागली. त्याने गाडी काढली, हात केला, गेला. मला वाटलं रुसला, सर्व्हर सोडेल, उगाच_एक म्हणतात तसं होणार. रात्री बाराला त्याने तिला मेसेज केला, मला दाखवला नाही, फक्त "पाठवला" म्हणून सांगितलं. काय लिहिलं मी विचारलं नाही. सर्व्हरवर अजून आहे. कालची मॅच खेळला, जरा गप्प होता. मरताना "शी" म्हणाला आणि थांबला, तेवढं ऐकू आलं.

ती परत आलेली नाही. भाऊ म्हणतो, मैत्रिणींबरोबर दुसरीकडे खेळते.


माईकबंद
शुक्रवार, रात्री ११:४०

येणारही नाही. पण "ओके दादा"मधला दादा ठेवलाय तिने.


काजूबोंडू
शनिवार, सकाळी ७:०५

मी पहिल्या प्रतिसादात जाऊ दे म्हटलं होतं. परक्यांबद्दल अजून तेच म्हणतो. घरच्यांबद्दल मागे घेतो. त्या कॅफेत टपली मारणारा परका कधीच नसायचा, हे लिहितानाच लक्षात यायला हवं होतं.

क्लिप ऐकवायची कल्पना भारी आहे, पण जपून. व्हॉट्सॲपवर फिरली की तोच पोरगा उद्या व्हायरल आणि आपण वेगळ्याच बाजूला.


मांडवीकाठ
शनिवार, सकाळी ८:३०

बरोबर. त्याच्यासमोरच फोनवरून डिलीट केली. ज्याच्याकडे मूळ आहे त्यालाही सांगितलंय.


घाटावरून
शनिवार, दुपारी १:१०

क चं झालं. माझ्या प्रश्नाचं?


मांडवीकाठ
रविवार, रात्री १२:५०

तुम्ही आमच्याच सर्व्हरवर आहात हे मंगळवारीच ओळखलं होतं. "घाटात अडकला" हा विनोद दुसरीकडे कुठे होत नाही, तो माझा आहे. त्याबद्दल सॉरी.

आज अकराव्या राउंडला एकाने तो शब्द काढला तेव्हा मी माईकवर "ए, पुरो" म्हणालो. दोन-तीन सेकंद कोणी बोललं नाही. मग राउंड चालूच होता, चालू राहिला. जमलं तेवढं हेच. ऐकलंत का?


घाटावरून
रविवार, रात्री १:०४

ऐकलं हो. नको तेव्हा ऐकलं. मी कोपऱ्यात दबा धरून पावलांचा आवाज ऐकत होतो, तुमच्या "पुरो"मध्ये तो गेला आणि मागून मारला मला. पुढच्या वेळी राउंड संपल्यावर बोला.